फ्रिजवरचा डोंगर

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं जो भेटेल तो सांगत होता. मला छंद नव्हता. चार्ट काढायची सवय तेवढी होती. चौतीस वर्षं मी बडोद्याबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात शटडाऊनची आखणी केली. दोन-तीन वर्षांतून एकदा अख्खा प्लँट बंद करायचा, उघडायचा, साफ करायचा, दुरुस्त करायचा आणि ठरल्या दिवशी पुन्हा चालू करायचा. त्या वीस-बावीस दिवसांत कोणता फिटर कुठे असेल, क्रेन कोणत्या कोपऱ्यात उभी राहील, कुणाचं काम कुणामुळे अडेल, हे सगळं आधी वर्षभर बसून कागदावर मांडायचं. डावीकडे नावं, वर तारखा, प्रत्येकाची एक आडवी ओळ आणि त्या ओळीत रंगवलेल्या पट्ट्या.

या चार्टचे काही नियम असतात. एक म्हणजे वाट पाहणं हे काम नव्हे. अमुक वेल्डर दोन तास थांबून राहील, असं मी माझ्या चार्टमध्ये कधी येऊ दिलं नाही. दुसरा नियम कुणी शिकवलेला नव्हता, पण सगळे पाळत. चार्ट काढणाऱ्याची स्वतःची ओळ नसते. फिटरची असते, क्रेनची असते, चहा आणणाऱ्या गाडीची वेळसुद्धा असते. आखणी करणारा मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत केबिनमध्ये असतोच. जो असतोच त्याची ओळ कशाला काढायची?

निवृत्त झालो तेव्हा मी पार थकलेलो होतो. घरी नुसतं पडून राहावं, असा माझा विचार होता. त्या वर्षी आई गेली. ती नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, आणि ती नऊ वर्षं बायकोने काढली. मी काढली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी कारखान्यात होतो. त्या काळात बायको चार दिवसांपेक्षा जास्त बडोद्याबाहेर राहिली नाही. तेही एकदाच, तिच्या भाचीच्या लग्नाला, आणि तिथूनही दिवसातून तीनदा फोन करून औषधांच्या वेळा विचारत होती.

आमच्या गोरव्याच्या फ्लॅटसमोर एक गुजराती काका राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा जन्म आफ्रिकेतला, किलिमांजारोच्या पायथ्याच्या गावातला. वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं. आई गेल्यावर महिनाभराने बायको त्यांच्याकडे चहाला गेली आणि त्यांनी तिला जुना अल्बम दाखवला. अंगणात दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि मागे, कपड्यांच्या वर, पांढऱ्या माथ्याचा प्रचंड डोंगर.

ती घरी आली आणि म्हणाली, "मला त्या डोंगरावर जायचंय."

मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "पावागढला जाऊ रविवारी."

"पावागढ गच्चीतून दिसतो," ती म्हणाली. "मला इथून न दिसणाऱ्या डोंगरावर जायचंय."

मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मीच काकांना विचारायला गेलो की हे वेड कितपत खरं आहे. हा ज्वालामुखीचा डोंगर, उंची जवळजवळ सहा हजार मीटर, वर रात्री पाणी गोठतं, हवा निम्मी. "काका, तमे चढ्या छो कोई वार?" मी विचारलं. काका खो खो हसले. "ना रे भाई. रोज सामे देखाय, एमां चढवानुं शुं?" रोज समोर दिसतो, त्यात चढायचं काय. मला त्यांचं म्हणणं फार पटलं.

पण बायकोने विषय सोडला नाही, आणि माझ्यातला आखणीवाला जागा झाला. नाही म्हणण्यापेक्षा आखणी करणं मला सोपं वाटलं. पुण्याच्या एका गटाचा पत्ता लागला. दरवर्षी पंधरा-वीस माणसं तिकडे नेणारा हा गट, त्यात पन्नाशीच्या बायकाही असत. त्यांच्या बाईंशी मी ईमेल सुरू केले. वाटा किती, कोणत्या वाटेने किती दिवस, झोपड्यांतून राहायचं की तंबूत, हमाल किती वजन घेतात, आपल्या पाठीवर किती राहतं. नऊ दिवसांची वाट निवडली, कारण हळू चढलं तर डोकं दुखत नाही म्हणतात. मोज्यांचे तीन प्रकार असतात आणि तिन्ही लागतात, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. बूट नवे चालत नाहीत, जुने चालत नाहीत, महिनाभर वापरलेले चालतात. पिवळ्या तापाच्या लशीसाठी अहमदाबादचा एक फेरा. उंचीवरच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे दोन. यादी संपत आली की त्या बाईंचा नवा ईमेल येई, आणि यादी पुन्हा लांबे. डोंगर अजून कागदावर होता आणि माझे पाय आत्ताच भरून आले होते.

फेब्रुवारीत मी चार्ट काढला. चार कागद चिकटवून केलेला. तो फ्रिजवर लावला आणि मग बायकोला बोलावलं. चौतीस वर्षांची सवय, कागद पूर्ण झाल्याशिवाय मी कुणाला दाखवत नाही. तिची ओळ होती: चालणं, जिने, सॅक पाठीवर घेऊन चालणं, लस, डोळ्यांचे डॉक्टर, बूट. सामानाची ओळ होती. कागदपत्रांची होती. पुण्याच्या बाईंची होती. ती हातातलं पीठ पुसत बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही केलंत?" आणि आत निघून गेली. मला वाटलं, तिला फार गिचमिड वाटली असेल.

तिने त्या चार्टप्रमाणे वागायला सुरुवात केली, आणि कसं वागली ते सांगायलाच हवं. कारखान्यात मला अशी माणसं मिळाली असती तर माझे केस एवढे लवकर पिकले नसते. फतेगंजात लष्करी पद्धतीचा माल विकणारं एक दुकान आहे, तिथून तिच्यासाठी पन्नास लिटरची सॅक घेतली. माझ्यासाठी नाही घेतली. माझा भाचा करजणला असतो, त्याची जुनी सॅक आमच्या माळ्यावर पडलेली होती, मला काय, तीच चालली असती. तिने नव्या सॅकमध्ये गहू भरले आणि घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीत, दळायला घेऊन गेली. येताना त्याच सॅकमधून पीठ. आधी पाच किलो, मग आठ. घंटीवाल्याने विचारलं, "बेन, दुकान खोल्युं के शुं?" ती घाम पुसत म्हणाली, "हजी वार छे." अजून वेळ आहे. नवे बूट घालून ती भाजीला जाई. मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, पिसांचं जाकीट घालून तिने पोळ्या केल्या, कारण चेन ओट्याशी वाकल्यावर रुतते का ते बघायचं होतं. रुतत नव्हती.

रोज सकाळी मी तिला स्कूटरवरून कमाटीबागेत नेई. ती पाठीवर सॅक घेऊन फेऱ्या मारी. पहिल्या दिवशी मीही दोन मारल्या. नंतर मी बाकावर बसू लागलो, वही घेऊन, प्रत्येक फेरीची वेळ लिहीत. कुणीतरी लिहायला हवंच होतं. माझं वजन थोडं वाढलं होतं, ब्लडप्रेशरची गोळी डॉक्टरांनी एकाची दीड केली होती, पण या गोष्टी चार्टमध्ये कुठेच येत नसल्यामुळे माझ्या डोक्यातही येत नव्हत्या.

आधी जून ठरला होता. मी तो ऑगस्टवर ढकलला, बूट पुरेसे रुळले नव्हते म्हणून. मग ऑगस्टचा सप्टेंबर केला, तंबूतल्या थंडीचा अंदाज नीट मिळत नव्हता म्हणून. शटडाऊनची तारीख पुढे गेली की कुणी रडत नाही. अजून थोडी तयारी होते, एवढंच. पुण्याच्या बाई विचारत, किती जण नक्की करायचे, आणि मी लिही, कळवतो.

एप्रिलच्या शेवटी कॅनडाहून मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. डिसेंबरची तारीख होती. आम्ही दोघं खूप आनंदलो. फोन ठेवल्यावर बायको फ्रिजसमोर गेली आणि सप्टेंबरच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "आता हे हलवायचं नाही. नोव्हेंबरात मला निघावं लागेल. मग सहा महिने बाळंतपण. आल्यावर मी अठ्ठावन्नची, आणि तोवर कुणाचं ना कुणाचं काहीतरी निघेल. सप्टेंबर गेला की मी जात नाही, मला माहिती आहे."

मी "बरं" म्हटलं. तिच्या आवाजात काही मागणं नव्हतं, नुसता हिशेब होता, आणि तो चुकत नव्हता. मला तेव्हा तिची काळजी वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त मला दमल्यासारखं झालं. आता हे सगळं खरोखर करावं लागणार होतं.

जुलैच्या अखेरीस पुण्याचा फॉर्म भरायचा होता. त्याआधी पूर्ण सामानासकट एक रंगीत तालीम हवी, असं मीच ठरवलं. पावागढ. तोही ज्वालामुखीच्याच दगडाचा, त्यामुळे मला ते शोभून दिसलं. पायथ्याच्या चांपानेरपासून माचीपर्यंत जुन्या वाटेने, आणि माचीपासून वर देवीपर्यंत पायऱ्यांनी. माचीहून रोपवे आहे, तो वापरायचा नाही.

सकाळी निघताना मी भाच्याची सॅक माळ्यावरून काढली, झटकली आणि तिच्यात सहा किलो गहू भरले. बायको पाहत होती. "तुम्ही कशाला घेताय?" ती म्हणाली. "तुम्ही गाडीने माचीला या ना. तिथे बसा. मी येते."

मला राग आला. मी म्हातारा झालोय, असं तिला म्हणायचंय, असं मला वाटलं. म्हटलं, "तालीम आहे ना? मग सगळ्यांची व्हायला नको?" तिने जरा चमकून पाहिलं.

पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, आणि हवा नुसती चिकट होती. पहिल्या पंधरा मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटला. अर्ध्या तासात मी बोलणं बंद केलं. ती पुढे चालत होती, एका लयीत, पीठ घेऊन घंटीवरून घरी यावं तशी. वळणावर थांबे, मी दिसलो की पुन्हा निघे. अनवाणी म्हाताऱ्या बायका माझ्या बाजूने देवीचा जयजयकार करत वर जात होत्या. माचीला पोचलो तेव्हा माझ्या कानात ठोके पडत होते आणि डाव्या गुडघ्यातून कळ येत होती. तरी मी पायऱ्यांना लागलो. चाळीस-पन्नास पायऱ्या झाल्या असतील. मग बसलो. पुन्हा उठलो आणि पुन्हा बसलो.

"तू जा," मी तिला म्हटलं. "मी येतो मागून."

तिने माझी नाडी पाहिली, पाणी दिलं, पायऱ्यांच्या कडेच्या लिंबूसरबतवालीला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती गेली. मी तिच्या सॅककडे पाहत राहिलो, गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत.

सरबतवालीने मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावरून रोपवेच्या पेट्या जात होत्या. आणि तिथे बसल्याबसल्या, श्वास हळूहळू जागेवर येत असताना, मला बरं वाटू लागलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी चढू शकत नाही, हे आता सिद्ध झालं होतं. म्हणजे जाणं रद्द. आता ईमेल नाहीत, मोजे नाहीत, तंबू नाहीत. आपण म्हणू, पुढच्या वर्षी बघू, बाळाचं होऊ दे. ती समजून घेईल. ती नेहमीच समजून घेते. मी दुसरा ग्लास सरबत मागवलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पाय लांब करून बसलो.

दोन तास झाले असतील. सरबतवाली म्हणाली, "काकी तो क्यारनां उपर पहोंची गयां हशे." काकी केव्हाच वर पोचल्या असतील. थोड्या वेळाने बायको उतरताना दिसली. चेहरा लाल, कपाळावर कुंकू, सॅकचा पट्टा नीट कमरेला आवळलेला. ती खुर्चीशेजारच्या पायरीवर बसली, माझ्या हातातला ग्लास घेऊन उरलेलं सरबत पिऊन टाकलं आणि मला प्रसादाचा खडीसाखरेचा तुकडा दिला.

"कुठेच थांबले नाही," ती म्हणाली. "दम लागला, पण थांबले नाही."

मी मनात जुळवलेलं वाक्य म्हणून टाकलं. "हे बघ, माझ्याच्याने काही हे होईल असं दिसत नाही. त्यांना कळवू या, यंदा नको म्हणून."

तिने ग्लास खाली ठेवला. "तुमच्याच्याने म्हणजे?"

"म्हणजे मी पन्नास पायऱ्या नाही चढलो. तिकडे काय चढणार?"

"पण तुम्ही कुठे येणार होतात?" ती म्हणाली.

मला काही कळेना. ती खालच्या आवाजात, शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये असं बोलू लागली. "चार्टमध्ये तुमची ओळ नाही. सॅक एकच घेतली. बूट एकच जोड. बागेत तुम्ही बाकावर बसता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही मला एकटीला पाठवताय." मग म्हणाली, "त्या दिवशी मी आत जाऊन रडले. तेहतीस वर्षांत कुणी मला म्हणालं नव्हतं, तू जा, मी घरी आहे. तुम्ही तोंडाने नाही म्हणालात, कागदावर म्हणालात. म्हटलं, यांची हीच रीत. मी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला पण सांगितलं, बघ, यांनी काय केलंय ते."

मी समोरच्या पायऱ्यांकडे पाहत होतो. माझी ओळ नव्हती, कारण ती कधीच नसते. मी धरूनच चाललो होतो की मी असणार. तिच्या प्रत्येक पावलाबरोबर, प्रत्येक तंबूबाहेर, वही घेऊन. आणि मी असणार म्हणूनच ती आता घरी राहणार होती. नऊ वर्षं आमच्या घराच्या आखणीत तिचीही ओळ नव्हती. औषधांची होती, नर्सची होती, माझ्या शिफ्टची होती. ती असायचीच. मला खरोखर रडू यायला लागलं, आणि मी ते घाम म्हणून खपवलं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हतं केलं?" तिने विचारलं. तिचा चेहरा हळूहळू उतरायला लागला होता. तो मला चांगला माहीत आहे. आईचं काही दुखलं की असा होई, आणि मग ती ठरलेलं जे काही असेल ते न बोलता रद्द करी.

"मुद्दामच केलं होतं," मी म्हटलं. "आज नुसतं बघत होतो, मला जमतं का. उगीच हाव. तू जा."

"खरं?"

"चौतीस वर्षं चार्ट काढले मी. एक अख्खी ओळ विसरेन का?"

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिला अजून विचारलेलं नाही आणि तिनेही कधी विषय काढला नाही. मग ती उठली, माझी सॅक उचलून स्वतःच्या छातीवर अडकवली, आणि दोन्ही सॅक घेऊन पुढे चालू लागली. मी तिच्या मागून एकेक पायरी गुडघा धरून उतरलो. खाली पोचेपर्यंत ती चार वेळा माझ्यासाठी थांबली.

घरी येऊन आंघोळ केली आणि पुण्याचा फॉर्म उघडला. किती जण, या चौकटीत एक लिहिलं. तिचं वय, रक्तगट, बुटाचं माप. आणीबाणीत कुणाला कळवायचं, तिथे माझं नाव आणि फोन. नातं: नवरा. मग पाठवून दिला. आठ महिने 'कळवतो' म्हणत होतो, ते दोन मिनिटांत कळवलं.

त्यानंतर मी पेन्सिल आणि पट्टी घेतली, फ्रिजवरचा चार्ट उतरवला आणि तळाशी एक ओळ काढली. डावीकडे माझं नाव लिहिलं. ती निघायच्या दिवसापासून परत यायच्या दिवसापर्यंत एक लांब पट्टी रंगवली. पट्टीत काम काय लिहायचं ते मात्र सुचेना. प्रवास धरून चौदा दिवस होते. शेवटी, माझाच नियम मोडून, लिहिलं: वाट पाहणे.

बायको कुकर लावून बाहेर आली, चष्मा लावला आणि वाचलं. माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच पट्टीखाली बारीक अक्षरात लिहू लागली. तुळशीला पाणी. समोरच्या काकांना संध्याकाळी चहा. दळण, सॅकमधून नाही, स्कूटरवर. गोळी, दीड. मग थोडा विचार करून तिने शेवटी आणखी एक लिहिलं, आणि त्याखाली रेघ मारली: फोन करू नका, मी करीन.

मी कागद सरळ केला आणि परत फ्रिजवर लावला.